गोल्फ जीटीआय, २२५/४५ आर१७ : रोजच्या गाडीला परवडणारे आणि पकड असलेले उन्हाळी टायर कोणते घ्यावेत?

नेकरकाठ (एसलिंगन, जर्मनी)

मंडळी, नमस्कार. टायरबाबत सल्ला हवाय. ईस्टर तोंडावर आलाय आणि आमच्या भागातल्या टायरवाल्यांच्या तारखा भराभर भरत चालल्यात, म्हणून थोडी घाई आहे.

गाडी फोक्सवॅगनची गोल्फ ७ जीटीआय (गोल्फची स्पोर्टी आवृत्ती), २०१६ची. गेल्या नोव्हेंबरात सेकंडहँड घेतली. तेव्हा हिवाळी टायर चढवलेले होते आणि उन्हाळी सेट आधीच्या मालकाने रिम्ससकट काळ्या पिशव्यांत घालून दिला होता. तो परवा तळघरातून वर काढला. पुढचे दोन एका कंपनीचे, मागचे दोन दुसऱ्याच कंपनीचे. दोन्ही नावं मी कधी ऐकलेली नाहीत. पुढच्यांवर डीओटी (टायर कधी बनला तो आकडा) ३५१८, म्हणजे २०१८चा पस्तिसावा आठवडा. एक युरोचं नाणं खाचेत उभं धरलं तर सोनेरी कड जवळपास पूर्ण बाहेर दिसते. आतल्या बाजूला झीज आणखी जास्त आहे. हे टायर टाकून द्यायचेच, त्यात शंका नाही.

वापर असा : रोज ए८ महामार्गाने झिंडेलफिंगेनला ऑफिस, जाऊन-येऊन साधारण ७० किलोमीटर. मुलगी पाळणाघरात, ते वाटेत. रविवारी कधी बाड उराखच्या बाजूला आल्बच्या डोंगररांगेवर जातो. तिथली चढणीची वळणं घेताना ही गाडी का घेतली ते कळतं. त्यामुळे नुसते 'आरामदायी' टायर नकोत, स्टिअरिंग फिरवलं की गाडीने लगेच ऐकलं पाहिजे. पण ट्रॅकवर वगैरे मी जात नाही आणि जाणारही नाही.

बजेट : बसवणं, बॅलन्सिंग, जुने टायर टाकणं हे सगळं धरून ४५० युरो. कागदपत्रांत माप २२५/४५ आर१७ ९१डब्ल्यू आहे (रुंदी २२५ मिलिमीटर, साइडवॉल म्हणजे बाजूची भिंत त्याच्या ४५ टक्के उंच, रिम १७ इंची, ९१ हा भाराचा आकडा, डब्ल्यू वेगाचं अक्षर).

आतापर्यंत मिळालेले सल्ले : (१) टायरवाला म्हणतो, १८ इंची वापरलेल्या रिम्स टायरसकट घ्या, 'गाडी शोभून दिसेल'. (२) ऑफिसातला जर्मन सहकारी म्हणतो, मिशेलां किंवा कॉन्टिनेंटल, बाकी कशाला हात लावू नकोस. (३) शेजारी म्हणतो, ऑलसीझन (बारमाही) टायर टाक आणि वर्षातून दोनदा टायर बदलायची कटकट संपव.

मी मूळचा चिपळूणचा, पावसात गाडी चालवायची सवय आहे. पण तिकडचा पाऊस आपण कुंभार्ली घाटात चाळीसच्या वेगाने बघितलेला. इथे ११०ला चाललेलो असताना पुढच्या ट्रकच्या मागून पाण्याचा पडदा उठतो तेव्हा हात आवळले जातात. म्हणून ओल्या रस्त्याचा विचार जास्त आहे. कुणी स्वतः वापरलेले टायर सांगितले तर बरं होईल.

कोलोनकर

मी गेली काही वर्षं ऑलसीझनवर आहे, पोलोला. इकडे ऱ्हाईनच्या खोऱ्यात बर्फ नावालाच पडतो. टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलं की हिवाळ्यातही कायद्याने चालतं. नुसतं एम+एस (चिखल-बर्फाचं जुनं चिन्ह) आता चालत नाही, तेवढं बघा. पण तुमच्याकडे आल्ब आहे, आणि गाडी जीटीआय. तुमच्या जागी मी असतो तर दोन सेटच ठेवले असते. ऑलसीझनवर कडक उन्हात जोरात ब्रेक मारला की गाडी थांबायला जास्त जागा घेते, हे मला माझ्या पोलोतही कळतं.

डांबरवाट (रॉयटलिंगन)

नेकरकाठ, तुमच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देते, कारण माझं रोजचं काम गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्यांचं आहे आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. शिवाय तुमचा उराखचा रस्ता माझ्या घराजवळचाच.

आधी एक हिशेब. ओल्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरवरून पूर्ण ब्रेक मारला. चांगल्या टायरवर गाडी दर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद या दराने वेग कमी करते असं धरा. ती सुमारे ३५ मीटरवर थांबते. दुसऱ्या टायरवर हाच दर ६ आहे. आकडा किरकोळ वाटतो ना? पण पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथे दुसरी अजून ताशी ३० किलोमीटरने चाललेली असते. ती थांबते ४१ मीटरवर. मधल्या सहा मीटरांत कोण उभं आहे, यावर सगळं अवलंबून. ब्रेक तेच, एबीएस तीच, ड्रायव्हर तोच. फरक फक्त रबराचा. म्हणून रोजच्या गाडीसाठी 'परफॉर्मन्स' म्हणताना मी सगळ्यात आधी ओल्या रस्त्यावरचा ब्रेक बघते, मग वळणातली पकड, आणि आवाज, मायलेज वगैरे त्यानंतर.

दुसरी गोष्ट पाण्याची. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी साचलंय आणि तुम्ही ८०ने चाललाय, तर २२५ रुंदीच्या एका टायरला दर सेकंदाला सुमारे १५ लिटर पाणी वाटेतून बाजूला करावं लागतं. आणि रस्त्याला टेकलेला टायरचा भाग असतो जेमतेम पोस्टकार्डाएवढा. हे पाणी खाचांतूनच जाणार. नव्या उन्हाळी टायरची खाच ७-८ मिलिमीटर खोल असते, कायद्याने १.६ पर्यंत चालते, पण एडीएसी (जर्मनीतला वाहनचालकांचा क्लब) उन्हाळी टायर ३ मिलिमीटरला बदला असं सांगतं. तुम्ही नाण्याने जे मोजलंत ते अगदी बरोबर मोजलंत. सोनेरी कड सुमारे ३ मिलिमीटरचीच असते. तेव्हा जुना सेट एक दिवसही चढवू नका.

आता तुम्हाला मिळालेल्या सल्ल्यांबद्दल.

१८ इंच नको. २२५/४५ आर१७ची साइडवॉल साधारण १०१ मिलिमीटर उंच असते, २२५/४० आर१८ची ९०. एक सेंटिमीटरभर रबर कमी. दिसायला गाडी नक्कीच छान दिसते, वळताना थोडी जास्त टाइटही वाटते. पण टायर महाग होतात, एसलिंगनच्या दगडी गल्ल्यांत आणि फुटपाथच्या कडांना रिम लागण्याची भीती वाढते, आणि पाळणाघरातली मुलगी मागे झोपलेली असताना प्रत्येक सांधा तिला कळतो. शिवाय वापरलेल्या रिम्स आतून वाकलेल्या आहेत का, ते बॅलन्सिंग मशीनवर चढवल्याशिवाय दिसत नाही. तुमच्या बजेटमध्ये तेच पैसे १७च्या चांगल्या टायरमध्ये घाला.

ऑलसीझनबद्दल कोलोनकरांनी सांगितलंच आहे. तुमच्याकडे हिवाळी सेट वेगळ्या रिम्सवर तयार आहे, मग तडजोड करायचं काही कारण नाही. उन्हाळी टायरचं रबर तीस अंशांतही आपला ताठपणा सोडत नाही, म्हणूनच स्टिअरिंगला लगेच उत्तर मिळतं. तुम्हाला उराखच्या वळणांत हवंय ते हेच.

राहिला ब्रँडचा प्रश्न. इथे माझं मत तुमच्या सहकाऱ्यापेक्षा वेगळं आहे. लोक नावं दोनच पाहतात, आणि त्या नावाचा कोणता टायर ते पाहत नाहीत. मिशेलांचा प्रायमसी आणि पायलट स्पोर्ट हे दोन अगदी वेगळ्या स्वभावाचे टायर आहेत. पहिला शांत, टिकाऊ, लांबच्या प्रवासाचा. दुसरा चपळ. बजेट मर्यादित असेल तर मोठ्या नावाच्या शांत टायरपेक्षा दुसऱ्या फळीतल्या कंपनीचा सगळ्यात वरचा स्पोर्टी टायर घ्यावा, असं मी दरवेळी सांगते. दुसरी फळी म्हणजे हँकूक, फाल्कन, कुम्हो, टोयो, व्रेडेस्टाइन, युनिरॉयल. यातली एकही ऐरीगैरी कंपनी नाही. फाल्कन जपानच्या सुमितोमोचा ब्रँड. युनिरॉयल युरोपात कॉन्टिनेंटलच्या हाताखाली. व्रेडेस्टाइन २००९ पासून आपल्या अपोलोचं. हँकूकचा तर हंगेरीत राकाल्माशला मोठा कारखाना आहे.

तुमच्या मापात मी हे बघितले असते :

हँकूक व्हेंटस एस१ इव्हो ३. मी स्वतः दोन गाड्यांवर वापरलाय. ओल्यात ब्रेक अतिशय भरवशाचा, स्टिअरिंग नेमकं. नवीन असताना शांत, अर्ध्यावर झिजल्यावर आवाज थोडा वाढतो. त्याच्यानंतरचा व्हेंटस इव्होही आता बाजारात आहे, भाव जवळपास असेल तर तोच घ्या.

फाल्कन अझेनिस एफके५२०. हा सध्या माझ्या नवऱ्याच्या गाडीवर आहे. साइडवॉल हँकूकपेक्षा किंचित मऊ, त्यामुळे खड्ड्यांत बरा. वळणात शिरताना पहिलं क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, मग धरून ठेवतो. पावसात ए८वर मी तो निर्धास्त चालवते.

युनिरॉयल रेनस्पोर्ट ५. नावातच पाऊस आहे, आणि पावसात तो खरोखर चांगला आहे. पण कोरड्यात, उन्हात, जोरात वळवला तर थोडा लिबलिबीत. तुम्हाला आल्बची हौस नसती तर मी हाच सांगितला असता.

व्रेडेस्टाइन अल्ट्रॅक. समतोल, शांत. माझ्या मते हँकूक आणि फाल्कनपेक्षा जरा कमी धारदार.

एक गोष्ट निक्षून सांगते. चार टायर दोनशे युरोत देणाऱ्या जाहिराती असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. चाचण्यांत मी असे टायर पाहिलेत की कोरड्यात काहीच कळत नाही, ओल्यात उतरलं की फरक मीटरात मोजावा लागतो. तुमच्या तळघरातला जुना सेट बहुधा त्याच जातीचा असणार.

टायरचं ईयू (युरोपीय संघाचं) लेबलही बघा, पण ते काय सांगतं ते समजून घ्या. २०२१ पासूनच्या लेबलवर ओल्या पकडीला 'ए' ते 'ई' अशी श्रेणी असते. ही श्रेणी नव्या टायरच्या, सरळ रेषेतल्या, ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकची. वळणातली पकड, साचलेल्या पाण्यावर तरंगणं, कोरड्यातला ब्रेक, अर्ध्या झिजेनंतरचं वागणं, यातलं काहीही तिथे नाही. माझा नियम : ओल्या पकडीत 'ए' नसेल तर यादीतून बाद. मग उरलेल्यांसाठी एडीएसी आणि ऑटो बिल्ड नियतकालिकाच्या चाचण्या. एडीएसीने २०२३ पासून गुणांची विभागणी बदलली, आता सुरक्षिततेला ७० टक्के आणि पर्यावरणाला ३० टक्के. त्यामुळे एकूण गुणांवर जाऊ नका, ओल्या रस्त्याचा रकाना वेगळा वाचा. आणि तुमच्याच मापाची चाचणी शोधा, नाहीतर निदान जवळच्या मापाची. एकच मॉडेल दोन मापांत थोडं वेगळं वागतं.

आतली कड जास्त झिजलीये म्हणालात. ते अलाइनमेंटचं लक्षण आहे, पुढच्या चाकांचं टो (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलेलं असावं. नव्या टायरवर खर्च करून अलाइनमेंट टाळलीत तर वर्षभरात नव्यांचंही तेच होईल. यासाठी बजेटबाहेर ८०-१०० युरो बाजूला ठेवा, खरंच ठेवा.

इझारचा_पूर (म्युनिक)

ताई, बहुतेक सगळं पटलं, पण प्रीमियमबद्दल थोडं वेगळं म्हणतो. मी पायलट स्पोर्ट ५ वापरतो. महाग घेतले, पण झिजतच नाहीत. टायरमागे ४० युरो वाचवायचे आणि दोन उन्हाळ्यांनी पुन्हा टायरवाल्याच्या दारात, यात बचत कुठे? किलोमीटरमागे हिशेब केला तर महाग तोच स्वस्त पडतो.

डांबरवाट

हा मुद्दा रास्त आहे, म्हणून आकडे मांडते. समजा प्रीमियमचा टायर १३०ला आणि दुसऱ्या फळीतला ९०ला. बसवायचे दोन्हीकडे १००. सेट पडला ६२० आणि ४६०. प्रीमियम ४५ हजार किलोमीटर गेला आणि दुसरा ३० हजार, तर हजार किलोमीटरमागे १३.८० आणि १५.३०. म्हणजे तुमचं म्हणणं खरं ठरतं. पण दुसरा ३५ हजार गेला की तोही १३.१५वर येतो आणि पारडं फिरतं. आल्बची वळणं आवडणाऱ्या माणसाचे पुढचे टायर कडेने झिजतात, कोणत्याही नावाचे असले तरी, त्यामुळे ४५ हजार मी नेकरकाठांच्या बाबतीत धरणार नाही.

नेकरकाठ, वसंतात कंपन्यांच्या परताव्याच्या योजना येतात. त्यात पायलट स्पोर्ट ५ किंवा गुडइयर ईगल एफ१ असिमेट्रिक ६ तुमच्या बजेटजवळ आला तर बिनधास्त घ्या. दोन्ही उत्तम आहेत. तसा नाही आला तर हळहळू नका.

ताम्हिणीचा_वारा (पुणे)

धागा वाचून मजा आली, इथल्यांसाठी दोन ओळी टाकतो. आपल्याकडे पुण्यात हिवाळी टायरचा प्रश्नच नाही. पण २०२०च्या जूनमध्ये टायरच्या आयातीवर निर्बंध आले तेव्हापासून बाहेरचे परफॉर्मन्स टायर हव्या त्या मापात मिळणं कठीण झालंय. माझ्या जुन्या ऑक्टाव्हियाला टायर शोधताना महिना गेला. जे मिळेल त्यात ओल्याची पकड बघा, हा ताईंचा नियम ताम्हिणीत जुलैत चालवणाऱ्यालाही शंभर टक्के लागू आहे. फक्त आपल्याकडे साइडवॉलची मजबुती त्याच्याही आधी. खड्ड्यात साइडवॉलला फुगा आला की टायर गेला, त्याला दुरुस्ती नाही. आणि उन्हाळ्यात दुपारच्या एक्सप्रेसवेवर निघण्याआधी हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. कमी हवा आणि तापलेला काँक्रीट रस्ता, टायर फुटायला तेवढं पुरतं.

नेकरकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. डांबरवाट ताई, तुमचं उत्तर बायकोलाही वाचून दाखवलं, ती म्हणाली १८ इंचाचा विषय बंद. आता तीन उपप्रश्न.

एक, पुढचे टायर लवकर झिजतात, तर सध्या पुढचे दोनच चांगले घेऊन मागे जुन्यापैकी बरे दोन लावले तर? पुढच्या वर्षी मागचे घेईन.

दोन, जाहिरातींच्या साइटवर एकजण पायलट स्पोर्टचा सेट विकतोय, ५ मिलिमीटर शिल्लक, डीओटी २०२१, मागतोय १८०.

तीन, एक ऑनलाइन दुकान हँकूक ८४ला देतंय पण डीओटीबद्दल काही बोलत नाही. आमच्या गावातला टायरवाला ९४ सांगतो. फाल्कन दोघांकडे ८८च्या आसपास.

डांबरवाट

एकेक घेऊ.

दोनच टायर घेणार असाल तर नवे मागे बसतील, पुढे नाही. गाडी पुढच्या चाकांवर चालते म्हणून लोक नवे पुढे बसवतात, पण पुढचे चाक घसरलं तर गाडी सरळ जाते, तुम्ही पाय काढता, थोडी सावरते. मागचे घसरले तर गाडी फिरते आणि ते सावरणं सामान्य माणसाच्या हातात राहत नाही. ओल्या वळणात, अॅक्सिलरेटरवरून पाय काढताना हे होतं. चाचणीच्या मैदानावर पाणी सोडलेल्या गोल मार्गावर मी हे मुद्दाम करून पाहते, आणि सवय असूनही दरवेळी हात वेगाने फिरवावे लागतात. तुमच्या बाबतीत मात्र प्रश्नच मिटतो. मागचे जुनेही बाद आहेत, चारही एकाच मॉडेलचे घ्या.

वापरलेला सेट : ५ मिलिमीटर वाईट नाहीत, पण १८० देऊन तुम्ही वापरण्याजोगे फार तर २ मिलिमीटर विकत घेताय, ३ला बदलायचेच आहेत. त्यात आधीच्या माणसाने फुटपाथवर किती वेळा चढवले ते आतून कुणाला दिसणार? मी घेणार नाही. तरी बघायला गेलातच तर एक करा. टायर आडवा ठेवून नक्षीवरून तळहात एकदा पुढे फिरवा, एकदा मागे. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखा टोचला, तर तो गाडीवर गुणगुणणारच. मागच्या चाकांवर राहिलेल्या टायरना हे फार होतं, आणि विकणाऱ्याच्या फोटोत ते कधीच दिसत नाही.

तिसरा : ऑनलाइन दुकानाला मेल करून डीओटी विचारा. वर्ष-दीड वर्ष गोदामात नीट ठेवलेला टायर नव्यासारखाच असतो, त्याची भीती बाळगू नका. त्याहून जुना असेल तर भाव कमी मागा. पण दहा युरोच्या फरकासाठी मी गावातल्याकडेच गेले असते. ऑनलाइन टायर घेऊन गेलात तर पुष्कळ जण बसवायचे पैसे जास्त लावतात, आणि चालताना थरथर आली तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. गावातल्याला विचारा, चारचे ३७६ होतात, बसवण्यासकट ४५० करतोस का?

हँकूक की फाल्कन? वळणांची हौस लिहिलीत त्यावरून मी हँकूककडे झुकते. मुलीच्या झोपेचं म्हणाल तर फाल्कन. दोन्हीत चूक काही नाही. टायरवर एक्सएल (जादा भार पेलणारा) असेल तर उत्तम, भार ९४ लिहिलेला असेल, कागदावरच्या ९१पेक्षा तो जास्त म्हणजे चालतो. वेगाचं अक्षर डब्ल्यू किंवा वाय हवं, उन्हाळी टायरला कागदापेक्षा कमी अक्षर चालत नाही.

नेकरकाठ

ठरलं. गावातल्याकडे हँकूक, चार, बसवण्यासकट ४५५वर आला. पुढच्या गुरुवारी सकाळची वेळ मिळाली. त्याच्याकडेच त्याच दिवशी अलाइनमेंटही करतोय, ९० युरो. डीओटी समोर दाखवून बसवायचं कबूल केलंय त्याने.

आता नवे टायर असताना काही काळजी घ्यायची का? आणि टायरमध्ये हवेचे सेन्सर बदलावे लागतील का, तो त्याबद्दल काहीतरी बोलत होता.

डांबरवाट

छान केलंत. सेन्सरचं : गोल्फ ७ टायरमध्ये सेन्सर ठेवत नाही, एबीएसच्या चाकांच्या वेगावरून हवा कमी झाल्याचा अंदाज घेते. त्यामुळे तिथे एक पैसा द्यायचा नाही. फक्त हवा भरून झाल्यावर स्क्रीनवर जाऊन नवा दाब साठवा, नाहीतर ती जुन्या टायरशी तुलना करत राहील आणि विनाकारण दिवा लावेल.

हवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेली असते, टायर थंड असताना तेवढी भरा. तापमान दहा अंशांनी खाली गेलं की सुमारे ०.१ बार कमी होते, तेव्हा एप्रिलच्या थंड सकाळी एकदा आणि जूनमध्ये एकदा बघा.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा बेताने. साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा पातळ थर वर असतो, तो निघेपर्यंत पकड पूर्ण येत नाही. विशेषतः ओल्यात. त्या आठवड्यात उराखला जायचं असेल तर आरामात जा.

बोल्ट हातातल्या टॉर्क पान्याने १२० न्यूटनमीटरला आवळून घ्या असं त्याला सांगा, नुसतं हवेच्या बंदुकीने नाही. मग पन्नासेक किलोमीटरनंतर परत एकदा आवळून बघा. तिथे जायला जमत नसेल तर टॉर्क पाना माझ्याकडे आहे, रविवारी आल्बवर येताना रॉयटलिंगनला थांबा.